समुद्रावरील काळा डाग

पावसाळ्यात वलसाडजवळील तिथलच्या किंवा त्याखालील उमरगामच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरून आलेल्या मनुष्याच्या तळपायांस पुष्कळदा काळा, चिकट पदार्थ लागलेला आढळतो. साबणाने तो निघत नाही. गोडेतेल चोळून तो पुसून काढावा लागतो. गोव्याच्या किनाऱ्यांवरही याच ऋतूत हेच दृश्य दिसते. याला आपण डांबराचे गोळे म्हणतो. परंतु रस्त्यावरच्या डांबराशी याचा संबंध नाही. समुद्रात सांडलेल्या खनिज तेलातील हलका भाग उडून गेला, उरलेला जड भाग लाटांनी घुसळला गेला आणि त्यात वाळू मिसळली, म्हणजे हे गोळे बनतात.

हे तेल येते तरी कोठून? मोठा अपघात झाला की सर्वांस कळते. दिनांक ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले, आणि त्याची वार्ता त्याच दिवशी देशभर पसरली. तथापि दरवर्षी येणाऱ्या गोळ्यांचा उगम अशा अपघातांत नसतो. भर समुद्रात एखादे तेलवाहू जहाज रात्रीच्या वेळी आपल्या टाक्या धुऊन ते पाणी सोडून देते, किंवा समुद्रातील तेलविहिरीजवळ गळती होते. तेथे साक्षीदार कोण असणार? शिवाय नैर्ऋत्येचे वारे हे तेल किनाऱ्याकडे लोटतात ते नेमके मेघांनी आकाश झाकलेल्या महिन्यांत. साध्या छायाचित्रक यंत्राच्या उपग्रहाला तेव्हा ढगांच्या पाठीखेरीज काही दिसत नाही.

रडारचे महत्त्व येथे आहे. रडार सूर्यप्रकाशावर अवलंबून नसते. ते स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपते. काही सेंटिमीटर लांबीच्या या लहरी ढगांतून जातात आणि रात्र त्यांस आडवी येत नाही. उपग्रह पुढे सरकत असता मिळालेले असंख्य प्रतिध्वनी गणिताने एकत्र केले, म्हणजे एखादी फार लांब आकाशिका वापरल्याप्रमाणे सूक्ष्म चित्र तयार होते. याला ‘सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार’ असे नाव आहे.

आता मुख्य प्रश्न असा की, रडारला तेल दिसते कसे? खरे पाहता त्याला तेल दिसतच नाही! वाऱ्याने समुद्रावर बोटभर लांबीच्या लहान लहान लहरी उठतात. तिरप्या आलेल्या रडारलहरी या खडबडीत पृष्ठभागावरून विखुरतात, त्यांतील काही उपग्रहाकडे परततात आणि चित्रात समुद्र उजळ दिसतो. तेलाचा तवंग या लहरी दाबून टाकतो. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत झाला की लहरी परावर्तित होऊन पलीकडे निघून जातात, आणि त्या जागी चित्रात काळा डाग उमटतो. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळील क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतले, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी शांत झाल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. विद्यार्थ्यांनी परातीत पाणी घेऊन हलकी फुंकर घालीत शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब टाकून पाहावा. (परात मात्र आईस विचारून घ्यावी.)

परंतु प्रत्येक काळा डाग म्हणजे तेल नव्हे, आणि या विद्येतील खरी परीक्षा येथेच आहे. वारा ताशी सुमारे १० किलोमीटरहून मंद असेल तर स्वच्छ समुद्रही काळा दिसतो. सूक्ष्म वनस्पतींचा स्निग्ध थर किंवा पावसाची सर यांचाही भास होतो. उलटपक्षी वारा ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेला की तवंग फुटून पाण्यात मिसळतो आणि डाग नाहीसा होतो. म्हणजे ढगांवर मात करणाऱ्या रडारला पावसाळ्याचा वारा हरवू शकतो. म्हणून जाणकार मनुष्य डागाचा आकार पाहतो: लांब, अरुंद पट्टा असून त्याच्या टोकाशी एक तेजस्वी ठिपका असेल, तर तो ठिपका बहुधा जहाजाचा असतो, आणि संशय बळावतो.

पुढचे काम गणिताचे व रसायनशास्त्राचे. पाण्याच्या प्रवाहाखेरीज तवंग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने वाहतो. वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर तवंग दिवसाला २० किलोमीटरांहून थोडा अधिक सरकेल. मुंबई हाय हे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेस आहे. तेव्हा तेथले तेल किनाऱ्यास लागण्यास किती दिवस लागतील, हे वाचकांनीच काढावे. हेच गणित उलट केले की किनाऱ्यावरील गोळ्यांवरून उगमाकडे जाता येते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तसे केले. गुजरातच्या किनाऱ्यावर जुलै २०१२ मध्ये आलेल्या गोळ्यांचे पृथक्करण करून व प्रवाहांचा हिशेब मांडून त्यांनी २०१४ साली दाखविले, की त्या तेलाचा उगम मुंबई हायच्या बाजूस आहे. गोव्याच्या काही गोळ्यांचा माग मात्र तेलवाहू जहाजांकडे गेला. सरसकट एकालाच दोष देणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते.

असे रडार असलेले उपग्रह आपल्या देशानेही बनविले आहेत. ‘रिसॅट-१’ दिनांक २६ एप्रिल २०१२ रोजी आणि ‘ईओएस-०४’ दिनांक १४ फेब्रुवारी २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला. भारत व अमेरिका यांचा संयुक्त ‘निसार’ उपग्रह दिनांक ३० जुलै २०२५ रोजी झेपावला. त्याच्या दोन रडारांपैकी एक आपल्याच राज्यातील अहमदाबादच्या अंतरिक्ष उपयोग केंद्रात घडविले गेले. हेच केंद्र अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या भारतीय मोहिमांच्या जहाजांस समुद्रावरील बर्फाविषयी सल्ला देते. तेथेही युक्ती तीच: नवा, सपाट बर्फ काळसर दिसतो, तर जुना, चिरफाळलेला बर्फ उजळ.

एवढे करूनही उपग्रह एका जागेवर सतत थांबत नाही. ‘निसार’ तीच वाट १२ दिवसांनी पुन्हा चालतो, आणि तेवढ्यात तवंग किनाऱ्यास लागूनही जातो. म्हणून निरनिराळ्या देशांच्या उपग्रहांची चित्रे जोडून पाहावी लागतात. संशयित डाग सापडला की तेल सांडल्यास उपाययोजना करण्याची जबाबदारी १९८६ पासून ज्यांच्याकडे आहे, त्या तटरक्षक दलाचे विमान किंवा जहाज तेथे जाते, आणि बाटलीत पाण्याचा नमुना भरून आणते.