हळदीतला फेस

उल्हासनगर, कॅम्प २

चि. बाळूस,


बदलापूरच्या हळदीचा व्हिडिओ मला कुणी दाखवला ते विचारू नकोस. डीजे ढणाढणा वाजतोय, तुझा मेहुणा बिअरच्या ग्लासात बोट बुडवून सोनूच्या ओठाला फेस लावतोय, पोर तोंड वेडंवाकडं करतंय आणि सगळे खिदळताहेत. तूही हसतोयस. हळदीला बाटली हवीच, हे आपल्या ठाणे जिल्ह्यात कुठल्या शास्त्रात लिहिलंय देव जाणे!

एका थेंबाने काय होतं, म्हणशील. थेंबाने नसेल होत. पण पोराने काय पाहिलं? कडू लागलं तरी माणसं खूश होतात, बापसुद्धा. पुढच्या हळदीत तो स्वतःच बोट बुडवेल. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पुरी लागतात. तुझा लेक सात वर्षांचा आहे. पंधराच्या आत पिऊ लागलेल्या मुलांना पुढे व्यसन जडायचा धोका कितीतरी जास्त असतो. आणि तू हसलास!

लहानपणी तुझ्या आजोबांसाठी सोडा आणायला मलाच पिटाळायचे. 'औषध आहे,' आई सांगायची. तेच औषध पुढे तुझ्या बाबांच्या कपाटात आलं, तेव्हा सगळं कळत असूनही मी गप्प राहिले. थोरला भाऊ, त्याला कसं बोलायचं! त्यांच्या पोटात पाणी झालं तेव्हा तू दहावीत होतास. पुढचं तुला मी काय सांगू?

म्हणून सोनूला औषधबिवषध सांगू नकोस. दारूला दारूच म्हण. तिने तोल जातो, लिव्हर खराब होतं, लहान मुलांना थोडीशीही बाधते, हे सांग. त्याचे आजोबा कशाने गेले तेही, झेपेल तेवढंच. समोर बसवून व्याख्यान मात्र नको. रस्त्यात कुणी झिंगलेला दिसला, टीव्हीवर दारूच्या नावाचा सोडा दिसला, की तेवढ्यापुरतं बोल. सोडा-चकणा आणायला त्याला धाडू नकोस. कुणी ग्लास पुढे केला तर 'मला नको' म्हणून सरळ तुझ्याकडे यायचं, हे त्याच्याकडून घोकून घे. आणि तो आला की तू हसायचं नाहीस.

कितीतरी ठिकाणी बायकांनी मतदानात आडवी बाटली निवडून दारूची दुकानं बंद पाडली. मांडवातल्या ग्लासासाठी कुणी मतपेटी ठेवत नाही रे, तिथे बापालाच 'नाही' म्हणावं लागतं. मेहुणा रुसला तर रुसू दे, जेवायच्या वेळेपर्यंत येईल ताळ्यावर.

फार बोलले का? बाबांच्या मागे आईला नि घराला तू कसं सावरलंस ते मी पाहिलंय. तूही कधीमधी एखादा पेग घेतोस, तेही ठाऊक आहे. त्यावर आज भांडत नाही. रविवारी लोकलने सोनूला घेऊन ये. शेजारच्या भाभी दाल-पकवान करणार आहेत. जपानी बाजारात त्याला शर्ट घेऊ. तुझ्यासाठीही एक बघून ठेवलाय, फक्त मापाची खात्री नाही, हल्ली फार वाळलायस. खोकला थांबला का? सूनबाईला म्हणावं, रात्री हळद-दूध देत जा.

तुझी,
आत्या