आधी हात, मग कायक



सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचे नाव घेताच तलाव, मंदिर आणि अडुसष्ट लिंगे डोळ्यांपुढे येतात. कायकयोगी म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु या कायकाच्या आधीचा, त्यांच्या बालपणाचा एक प्रसंग आहे. या महिन्यात त्याचे चिंतन करू. घरात तरुण मुले आहेत त्यांनी, आणि जे स्वतः त्या वयात आहेत त्यांनीही, तो लक्षपूर्वक वाचावा.

मुद्दगौडा व सुग्गलादेवी यांचा हा मुलगा अबोल होता. लोक त्याला मंद समजत. एके दिवशी रानात एक जंगम आला. मल्लय्या असे त्याने आपले नाव सांगितले. त्याने हुरडा मागितला, मग दहीभात मागितला. मुलगा धावत घरी गेला. परतून पाहतो तो मल्लय्या नाही. मुलगा हाका मारीत, रडत रानोमाळ फिरू लागला. श्रीशैलाला निघालेल्या यात्रेकरूंनी त्याला सोबत नेले व तेथे मल्लिकार्जुनाचे लिंग दाखविले. हा माझा मल्लय्या नव्हे, असे म्हणून तो पुढे शोधीत गेला, आणि अखेर जगण्याची आशा सुटून एका कड्यापाशी पोचला. तेथे मल्लिकार्जुनाने त्याचा हात धरला, अशी कथा आहे.

येथे थोडे थांबावे. ज्याला आपण शिवयोगी म्हणतो, त्याच्याही मनावर अशी वेळ आली होती. ती काय भक्ती कमी पडली म्हणून? मुळीच नाही. मग आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी खिन्न होऊन बसली, तर 'लिंगपूजा मनापासून करीत नाहीस' असा दोष आपण कोणत्या तोंडाने देतो?

दुसरी गोष्ट अशी. यात्रेकरूंनी लिंग दाखविले, त्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या दर्शनाने मुलाचे समाधान झाले नाही. आपलाही उपदेश पुष्कळदा असाच वाया जातो. म्हणून बोलण्याआधी ऐकावे. मात्र त्या यात्रेकरूंचे एक मोठे पुण्य आहे. रडणाऱ्या मुलाला त्यांनी वाटेत टाकले नाही, हसलेही नाहीत. शरणसंग म्हणतात तो हाच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तलाव, मंदिर, लोकसेवा हे सारे हात धरल्यानंतर घडले. आपण क्रम उलटा करतो. अंथरुणातून उठवत नाही अशा मुलाला 'कामाला लाग, म्हणजे बरे वाटेल' असे सांगतो. पाय मोडलेल्याला कोणी नांगराला जुंपत नाही. कायक श्रेष्ठच आहे, पण आधी हात, मग कायक.

हा हात आज कसा द्यावा? दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहणे, आवडीच्या गोष्टी नकोशा होणे, झोप व भूक बिघडणे, अभ्यासात लक्ष न लागणे, 'मी निरुपयोगी आहे' असे वाटणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. तरुण वयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपानेही दिसते. दाराबाहेर भाकरीचे ताट तसेच राहू लागले, तर रागावू नका. आत जाऊन शेजारी बसा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट मनावरचा भार हलका होतो. उत्तर 'हो' आले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. धारवाड, बांबोळी, ग्वाल्हेर, हैदराबादचे एरागड्डा येथे मानसिक आरोग्याची सरकारी रुग्णालये आहेत. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही, बोलता येते. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. ते मध्येच आपल्या मनाने बंद करू नये. औषध घेणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे. डोळ्यांना चष्मा लावून आपण वचने वाचतोच ना?

आणि तरुण मित्रा, हे तू स्वतः वाचीत असशील, तर एवढेच कर. आज एका माणसाला सांग. आई, काका, मैत्रीण, शिक्षक, मठातले स्वामीजी, जो जवळचा वाटेल त्याला. 'मला बरे वाटत नाही, माझ्याजवळ बस' एवढे शब्द पुरेत. पहिल्याला कळले नाही, तर दुसऱ्याला सांग. त्या मुलाने मल्लय्याला मोठ्याने हाका मारल्या होत्या. मनातल्या मनात कुढत तो बसला नव्हता. हाक मारणे ही दुर्बलता नव्हे.

आपण सर्वांनी त्या हाकेला उत्तर देणारे व्हावे, हीच या चिंतनाची फलश्रुती.

शरणु शरणार्थी.