आत शिरायची वेळ ठरलेली, निघायची नाही

अगं, तुझा रात्रीचा मेसेज सकाळी चहा गाळता गाळता वाचला. स्लॉट, मनोरा, ऑडिओ टूर, अ‍ॅप, सासूबाईंचे गुडघे, लेकाची भूक, आणि शेवटी तुझं ते वाक्य, ‘ताई, साग्रादा फामिलिया गाळूनच टाकते, बाहेरून फोटो काढू आणि पुढे जाऊ.’ गाळायचं नाही हं. बार्सिलोनापर्यंत जाऊन ते चर्च बाहेरून बघणं म्हणजे पंगतीत बसून नुसतं लोणचं चाटून उठणं. घरातल्या चौघांची दिवाळी, शाळा आणि ऑफिस एका वेळी सांभाळणारी बाई तू. तुला हे अवघड नाही. फक्त कुणी नीट क्रमाने सांगितलं नाहीये तुला.

तर बघ, पहिली गोष्ट तिकिटाची. दारात जाऊन तिकीट काढू, हा विचार डोक्यातून काढून टाक. तिकिटं ऑनलाइनच मिळतात, आणि चांगल्या वेळा आधीच संपतात. दिवाळीच्या सुट्टीत जाताय ना, मग विमानाचं तिकीट पक्कं झालं की त्याच आठवड्यात हेही काढ. त्यांच्या अधिकृत साइटवरूनच काढ, मधल्या माणसाला जास्तीचे युरो कशाला द्यायचे? लेक अजून अकराचा झालेला नाही, त्याला प्रवेश मोफत आहे. पण मोफत असलं तरी बुकिंगमध्ये त्याचंही तिकीट काढावं लागतं, ते विसरू नकोस. सासूबाईंना ज्येष्ठ नागरिकांची सवलत आहे, तीही बघ.

आणि वेळेची जी धास्ती घेतली आहेस ना, तिच्याबद्दल खरं सांगू का? तिकिटावरची वेळ आत शिरायची असते, बाहेर निघायची नाही. एकदा आत गेलात की दार बंद होईपर्यंत तुम्हाला कुणी ‘चला, चला’ म्हणत नाही. आपल्याकडे मोठ्या देवस्थानात तासन्‌तास रांगेत उभं राहायचं आणि गाभाऱ्यापुढे दोन सेकंद मिळायचे, ती सवय आपल्या अंगात इतकी मुरली आहे की वेळ ठरलेली म्हटलं की आपल्याला घाईच वाटते. इथे उलट आहे. वेळ ठरलेली आहे म्हणूनच आत रेटारेटी कमी असते.

माझी पहिली खेप मात्र धावपळीत गेली, ती तुझी जाऊ नये म्हणून सांगते. आम्ही मेट्रोतून वर आलो, समोर एवढं मोठं चर्च दिसलं, म्हटलं, पोचलो. तिथेच फोटो काढत बसलो. स्लॉटला दहा मिनिटं उरली तेव्हा कळलं की आपण उभे आहोत ती बाजूच उलटी. ते चर्च म्हणजे रस्त्यांमधला एक अख्खा चौक आहे गं, त्याला वळसा घालायचा म्हणजे सासूबाईंना घेऊन चांगलीच पायपीट. तेव्हा लक्षात ठेव, आपल्यासारख्या पर्यटकांचं दार येशूच्या जन्माच्या दर्शनी बाजूला, मारिना रस्त्यावर. समोर बाग आणि तळं दिसलं की समजायचं, बरोबर आलो. अर्धा तास आधी जा, त्या बागेत बाकावर बसा, डब्यातले ठेपले तिथेच संपवा. आत खायला मिळत नाही, आणि एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत जाता येत नाही.

दारात विमानतळासारखी तपासणी असते, म्हणून पिशव्या कमी ने. कपड्यांची काळजी तुला नाहीच, खांदे झाकलेले हवेत आणि तोकडे कपडे नकोत, इतकंच. लेकाची टोपी आत काढून ठेवायला लाव. पर्स पुढे, पोटाशी धर. त्या शहरात पाकीटमार फार आहेत, आणि वर मान करून मनोरे बघणारा माणूस त्यांना आयताच सापडतो.

आता ती ऑडिओ टूर. हातात यंत्र वगैरे मिळत नाही. आपल्याच फोनवर त्यांचं अ‍ॅप घ्यायचं, तिकीटही त्यातच. हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्री उतरवून ठेव. फोन पूर्ण चार्ज, पॉवर बँक सोबत, आणि प्रत्येकाला स्वतःचा इयरफोन. एका इयरफोनचे दोन तुकडे मी आणि नवऱ्याने वाटून घेतले होते आणि सबंध वेळ दोघांनी एकाच चालीने चालायची कसरत केली. तू तसं करू नकोस.

पण एक सांगते, टूर सुरू केली म्हणून ती एक, दोन, तीन करत संपवायलाच हवी असं नाही. मी पहिला अर्धा तास तेच केलं. कानात निवेदन चालू आणि डोळे फोनवर, पुढचा आकडा कुठे आहे ते शोधत. माझ्या सासूबाईंनी मात्र इयरफोन घेतलाच नव्हता, इंग्रजी भराभर कळत नाही म्हणाल्या. त्या दाराशीच थांबल्या होत्या. मी चिडून परत फिरले तर त्या ब्राँझच्या दरवाजावर वाकून काहीतरी बघत होत्या. अख्खा दरवाजा हिरव्या वेलीच्या पानांचा. पानांमध्ये बोटाच्या पेराएवढे किडे, भुंगे, एक लालसर ठिपक्यांचा. ‘अगं, कुंडीत रोज दिसतात तसेच आहेत हे,’ असं म्हणून त्यांनी एका किड्याला बोट लावलं. तो दरवाजा एत्सुरो सोतो नावाच्या जपानी शिल्पकाराचा. हा माणूस १९७८ साली बार्सिलोनाला आला आणि या चर्चच्या दगडातच रमला. निवेदनात तो दरवाजा होता की नव्हता, मला आठवतसुद्धा नाही. सासूबाईंचं बोट मात्र आठवतं.

त्याच दर्शनी भागात खांबांच्या पायथ्याशी दोन कासवं आहेत, एक समुद्राचं आणि एक जमिनीचं. समुद्राच्या दिशेचा खांब पहिल्याच्या पाठीवर, डोंगराच्या दिशेचा दुसऱ्याच्या. लेकाला ती शोधायला सांग, तुला दहा मिनिटं निवांत मिळतील. आपल्या देवळात शिरताना कासव बघायची सवय असते ना, सासूबाईंनाही ते लगेच ओळखीचं वाटेल.

म्हणून माझी युक्ती अशी. बाहेर बागेत बसलात की सुरुवातीचं निवेदन ऐकून घे आणि सासूबाईंना चार वाक्यांत मराठीत सांग. साग्रादा फामिलिया म्हणजे पवित्र कुटुंब, बाळ येशू, मेरी आणि योसेफ. पायाभरणी १८८२ साली, पुढच्या वर्षी काम आंतोनी गाउदी या तरुण वास्तुकाराकडे आलं आणि त्याने उरलेलं सगळं आयुष्य त्याला दिलं. हे चर्च लोकांच्या देणग्यांवर उभं राहिलं, आणि आता तिकिटांचे पैसेही बांधकामालाच लागतात. क्रेन दिसल्या म्हणून हिरमुसू नका, तुमचंही चार दगडांचं देणं त्यात आहे. मग आत शिरलात की पहिली पंधरा मिनिटं कानात काहीच घालायचं नाही. सगळ्यांनी. हा माझा हुकूम समज.

कारण आत गेल्यावर जे होतं ते ऐकून कळत नाही गं. खांब सरळ वर जातात आणि वर पोचून झाडासारखे फुटतात, फांद्या होतात. मधल्या सभागृहाचं छत ४५ मीटरवर आहे, आपल्या पंधरा मजली बिल्डिंगएवढं, तरी दडपण येत नाही, आमराईत उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि उजेड! जन्माच्या बाजूच्या काचा निळ्या-हिरव्या, समोरच्या बाजूच्या पिवळ्या-केशरी-लाल. ज्वान व्हिला-ग्राउ या कलावंताने त्या केल्या. सकाळी गेलीस तर निळी बाजू पेटलेली, दुपार कलली की केशरी.

आम्ही दुपारचे होतो. मी माझ्या सासूबाईंना बाकावर बसवलं आणि पुढचे आकडे ऐकायला गेले. परत आले तर त्यांनी विचारलं, ‘मावळतीची बाजू हीच ना?’ मी फोनमध्ये बघून हो म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘मघाशी तो रंग त्या खांबाच्या पायाशी होता. आता कमरेशी आलाय.’ माहेर कोल्हापूरचं त्यांचं. अंबाबाईचा किरणोत्सव लहानपणापासून बघितलेला, मावळतीचे किरण महाद्वारातून येऊन पायांवरून वर वर चढतात ते. त्यांना कुठल्याही निवेदनाशिवाय कळलं होतं की इथे बसून वाट बघायची असते. मग मीही फोन पर्समध्ये टाकला आणि शेजारी बसले. पाऊण तास बसलो असू. नवरा आणि लेकही येऊन टेकले. माझ्या पांढऱ्या ओढणीवर केशरी पट्टा आला आणि सरकत सरकत सासूबाईंच्या हातावर गेला.

त्यामुळे स्लॉट कुठला घेऊ, याचं माझ्याकडून उत्तर दुपारचा. नोव्हेंबरात तिथे सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो आणि चर्च सहाला बंद होतं, म्हणून अडीचची वेळ घे. शेवटचा स्लॉट नको, घाई होते. रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, असते आणि पर्यटकांना उशिरा सोडतात, तेही ध्यानात ठेव. आणि बघ, ते चालतं-बोलतं चर्च आहे. २०१० च्या नोव्हेंबरात पोप सोळाव्या बेनेडिक्ट यांनी येऊन ते पवित्र केलं आणि त्याला बॅसिलिकाचा मान दिला. कुणी डोळे मिटून बसलेलं दिसलं की लेकाला हळू बोलायला सांग.

मनोऱ्याचं आता पटकन सांगते. त्याचं तिकीट वेगळं, वेळही वेगळी. वर लिफ्टने नेतात पण उतरायचं पायी, गोल गोल अरुंद जिन्याने, शेकडो पायऱ्या. सासूबाईंना मुळीच नेऊ नकोस, कितीही ‘मला काही होत नाही’ म्हणाल्या तरी. तू आणि लेक जा, नवऱ्याला खाली त्यांच्याजवळ बसव. वारा-पाऊस असला की मनोरे बंद ठेवतात. तसं झालं तर तोंड पाडून बसू नका, खरी गंमत खालीच आहे.

मावळतीच्या दाराने बाहेर आलात की एकदम वेगळं जग. जन्माची बाजू फळाफुलांनी लगडलेली आणि ही बाजू हाडं उघडी पडल्यासारखी कोरडी. येशूचा छळ आणि मृत्यू. जुझेप मारिया सुबिराक्स याने १९८७ पासून घडवलेली ही शिल्पं. मला आधी आवडली नव्हती, टोकदार वाटली. पण दुःख टोकदारच असतं, ते गुळगुळीत कशाला करायचं? शिष्य यूदा येशूचं चुंबन घेतो त्या शिल्पाशेजारी आकड्यांचा एक चौकोन कोरला आहे. आडवी, उभी, तिरकी, कशीही बेरीज करा, ३३ येते. येशूचं मृत्यूसमयीचं वय. १० आणि १४ दोनदा आलेत, १२ आणि १६ नाहीतच. तुझ्या गणितवेड्या लेकाला तिथे सोड आणि तू तिथल्याच संग्रहालयाकडे वळ.

संग्रहालय टाळू नकोस, पाय दुखत असले तरी. तिथे दोऱ्यांना छोट्या छोट्या पिशव्या टांगलेली एक प्रतिकृती आहे. गाउदीने दुसऱ्या एका चर्चसाठी केलेल्या मॉडेलची ती नक्कल. आपली कपडे वाळत घालायची दोरी ओल्या चादरीने कशी झोल खाते? त्या झोलात दोरीवर फक्त ताण असतो. तोच आकार उलटा करून दगडात बांधला की दगडावर फक्त दाब येतो, आणि दगड दाब आनंदाने सोसतो. खाली आरसा धरला की लोंबणारी दोरी उभी कमान होते. मी इतकी वर्षं गॅलरीत कपडे वाळत घालतेय, पण त्या झोलाकडे असं कधी बघितलं नव्हतं. १९३६ च्या स्पेनमधल्या यादवीत जमावाने गाउदीची कार्यशाळा जाळली, प्लास्टरच्या प्रतिकृती फोडल्या. पुढच्या लोकांनी ते तुकडे जुळवले आणि त्यावरून पुढचं काम केलं.

स्वतः गाउदी १९२६ च्या जूनमध्ये गेला. चालत प्रार्थनेला निघाला होता, ट्रामने धडक दिली. वय ७३, कपडे इतके साधे की लोकांना भिकारी वाटला, वेळेवर मदत मिळाली नाही. त्याच चर्चच्या तळघरात त्याला पुरलं आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात मधला येशूचा मनोरा जर्मनीतल्या उल्मच्या चर्चपेक्षा उंच झाला आणि हे जगातलं सर्वांत उंच चर्च ठरलं. तरी १७२.५ मीटरचा हा मनोरा शहरातल्या मोंजुइक टेकडीपेक्षा थोडा बुटकाच, कारण माणसाने बांधलेलं देवाने केलेल्यापेक्षा मोठं नसावं, असं गाउदीचं म्हणणं. हे सासूबाईंना आवर्जून सांग.

बाकी सगळं जमेल गं तुला. आज रात्री लेक झोपला की तिकिटं काढ आणि कुठली वेळ मिळाली ते मला कळव. आत गेल्यावर सासूबाईंसाठी मावळतीच्या काचांसमोरचा बाक धर, आणि तूही बस त्यांच्याजवळ.