कोंबडीचे मांस आणि औषधांना दाद न देणारे जीवाणू

आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ हा कापसाचा मुलूख. एकच कीटकनाशक वारंवार फवारल्यास बोंडअळी त्याला दाद देईनाशी होते, हे येथील शेतकऱ्यांस ठाऊक आहे. कुक्कुटपालनातही नेमके असेच घडते. प्रतिजैविके अल्प मात्रेत सतत दिल्यास दुर्बल जीवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरून वाढतात. खुराड्यातून ते मांसावर व तेथून माणसापर्यंत पोहोचतात. अशा जीवाणूंमुळे आजार झाल्यास नेहमीचे औषध लागू पडत नाही.

कोलिस्टिन हे गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेले औषध होय. त्यास विरोध करणारा गुण एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, असे २०१५ साली चीनमध्ये आढळले. म्हणून भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या व अन्नोपयोगी जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ मधील अभ्यासात तेलंगण व केरळातील कोंबड्यांच्या विष्ठेत प्रतिजैविकांना विरोध करणारे गुण आढळले.

तथापि मांस वर्ज्य करण्याचे कारण नाही. हे जीवाणू औषधाला दाद देत नसले, तरी उष्णतेने मरतात. यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१. मांस आतपर्यंत पूर्ण शिजवावे.
२. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये. शिंतोड्यांनी जीवाणू पसरतात.
३. मांसाची सुरी व पाट भाजीसाठी वापरू नयेत. हात साबणाने धुवावेत.
४. कोंबड्यांस पशुवैद्याच्या सल्ल्याविना प्रतिजैविके देऊ नयेत.

औषधाचा गुण टिकविणे हे उत्पादक व ग्राहक या दोघांच्याही हिताचे आहे.