दुकानाच्या वहीतले नंबर आणि दिवाळीचा मेसेज

प्रश्न : पंचवटीत आमचे साड्यांचे दुकान आहे. येवल्याच्या पैठण्याही ठेवतो. बिल करताना आणि फॉल-पिकोसाठी साडी ठेवून घेताना गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर लिहून घेतो. अशा वह्याच भरल्या आहेत. दिवाळीच्या सेलचा मेसेज या सगळ्यांना पाठवायचा विचार आहे. मुलगा म्हणतो, तसे करणे गुन्हा आहे. एक एजंट म्हणतो, स्वतःच्या सिमवरून पाठवा, काही होत नाही. खरे काय? आणि मेसेज मराठीत पाठवता येतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलाचे ऐका. पोलिसांनी दारात यावे असा हा गुन्हा नसला, तरी नियमांचा भंग नक्कीच आहे आणि त्याचा फटका तुमच्याच फोनला बसेल. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात करणाऱ्याला ‘ट्राय’, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, नोंदणी नसलेला विक्रेता मानते. फेब्रुवारी 2025 मध्ये नियम आणखी कडक झाले. दहा दिवसांत पाच जणांनी तक्रार केली तरी कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी 15 दिवस आउटगोइंग बंद होते. पुन्हा तेच घडले तर वर्षभर तुमच्या नावावरचे सगळे नंबर बंद राहतात. ज्या नंबरावर गिऱ्हाईक तुम्हाला फोन करते, तोच सणासुदीत मुका झाला तर काय होईल, हे त्या एजंटाला विचारा. तक्रार करायला गिऱ्हाइकाने आधी जाहिराती नाकारण्याच्या ‘डीएनडी’ यादीत नाव घातलेले असण्याचीही आता गरज नाही. 1909 वर किंवा ट्रायच्या अॅपवर ती सात दिवसांच्या आत करता येते.

सरळ मार्ग असा. 2018 च्या नियमांनुसार प्रत्येक व्यावसायिक मेसेजची आधी नोंद हवी. मोबाइल कंपन्यांच्या ‘डीएलटी’ नावाच्या व्यवस्थेत दुकानाची कागदपत्रे देऊन नोंदणी करायची, मेसेजवर दिसणारे नाव (त्याला ‘हेडर’ म्हणतात) मिळवायचे आणि मजकुराचा साचाही मंजूर करून घ्यायचा. साच्यात गिऱ्हाइकाचे नाव, रक्कम, तारीख अशाच जागा रिकाम्या ठेवता येतात, बाकी शब्द ठरलेले. मंजूर साच्याशी जुळत नाही तो मेसेज वाटेतच अडतो. 8 मार्च 2021 ला ही छाननी पहिल्यांदा सक्तीने सुरू झाली, तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ती आठवडाभरासाठी थांबवावी लागली. ऑक्टोबर 2024 पासून मेसेजमधल्या लिंकचीही आधी नोंद लागते. हे काम किचकट आहे, पण बँकेच्या नावाने खोटी लिंक पाठवून म्हाताऱ्या माणसांची पुंजी लुटणाऱ्यांना अडवायचे, तर ते लागणारच.

तुमच्या प्रश्नातला खरा कळीचा भाग मात्र वहीचा आहे. फॉल-पिकोसाठी साडी ठेवणाऱ्या बाईंनी नंबर दिला तो साडी तयार झाली की कळावे म्हणून. तो कशासाठी वापरायचा, हे ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहतो. एखाद्या व्यवहारापुरती मिळालेली संमती 2025 च्या दुरुस्तीनुसार सातच दिवस धरली जाते. मग तीन वर्षांपूर्वीच्या वहीतला नंबर सेलच्या जाहिरातीसाठी कसा चालेल? जाहिरातीची संमती वेगळी आणि स्पष्ट मागावी लागते. ती डिजिटल पद्धतीने नोंदवावी, असा ट्रायचा जून 2023 चा आदेश आहे : गिऱ्हाइकाला 127 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून विचारणा जाते आणि त्यांनी होकार दिला तरच संमती धरायची. नको असल्यास कळवण्याची सोय जाहिरातीच्या मेसेजमध्ये द्यावी लागते, आणि एकदा ‘नको’ म्हणाल्या की 90 दिवस पुन्हा विचारायचेही नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे तत्त्वही हेच आहे : संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणेही सोपे हवे. मला हा नियम मनापासून पटतो. दुकानदारावर विश्वास म्हणून दिलेला नंबर कुणाच्याही यादीत जाऊन पडतो, ही चीड आपण सगळेच रोज अनुभवतो. ती वही एजंटाच्या हाती तर अजिबात देऊ नका.

मजकुरातही एक मेख आहे. ‘तुमच्या साडीचा फॉल-पिको झाला आहे, घेऊन जावी’ हा सेवेचा मेसेज. त्याच्याच शेपटाला ‘येताना नव्या पैठण्यांवर 20 टक्के सूट’ असे जोडले की अख्खा मेसेज जाहिरात ठरतो. आता तर हेडरच्या शेवटी इंग्रजी अक्षर असते : जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. निफाडच्या कांदा उत्पादकाला सरकारकडून हवामानाचा सल्ला येतो, तो ‘जी’ने ओळखायचा. सेलचा मेसेज ‘एस’ लावून घुसवू नका. आणि जाहिरातीचे मेसेज सकाळी 10 ते रात्री 9 याच वेळेत जातात, हे धरून चाला.

व्हॉट्सअॅप या नियमांच्या कक्षेत येत नाही. पण तिथेही व्यवसायाने आधी परवानगी घ्यावी, ही कंपनीची स्वतःची अट आहे.

मराठीत मेसेज जरूर पाठवा, साचा मराठीतही मंजूर होतो. फक्त हिशेब वेगळा. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे मावतात, देवनागरीत 70. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘नाशिक’ पाच जागा घेते, ‘त्र्यंबकेश्वर’ तेरा. 70 च्या वर गेलात की मेसेजचे भाग पडतात, प्रत्येक भागात 67 च मावतात आणि पैसे भागांवर लागतात. म्हणून दुकानाचे नाव, सेलच्या तारखा आणि नकार कसा कळवायचा, एवढेच लिहा; शुभेच्छा गिऱ्हाईक दुकानात आल्यावर द्या.