बटाट्याच्या खाली काय आहे?

डिसेंबरात स्टॉकहोमला जाणार असाल, तर तिथले नातेवाईक तुम्हाला जुन्या हॉटेलातल्या 'यूलबोर्ड'ला हमखास नेतील. नाताळच्या आधीचे काही आठवडे चालणारं हे स्वीडिश जेवण. पदार्थ मांडलेले असतात, आपलं आपण वाढून घ्यायचं. जरूर जा, पण सोबत शाकाहारी माणूस असेल तर आधी हे वाचा.

आम्ही गेलो ते हॉटेल गामला स्तान या जुन्या भागातल्या एका तळघरात होतं. टेबल राखून ठेवतानाच भाच्याने कळवलं होतं, की एक जण मासे, मांस, अंडं काहीही खात नाही. 'काळजी नको' असं उत्तरही आलं. प्रत्यक्षात वाढपी मुलीने मावशीला गरम पदार्थांपाशी नेऊन एक भांडं दाखवलं. बटाट्याच्या काड्या, कांदा, मलई आणि वर खरपूस थर.

"हे घ्या, बटाटाच आहे."

दोन घास खाऊन मावशी म्हणाली, "गोडसर लागतंय रे, दालचिनी घातलीय का?" भाच्याने काट्याने थर उचकटला, तर खाली माशाचा तपकिरी तुकडा!

पदार्थाचं नाव 'यान्सॉन्स फ्रेस्तेल्से'. त्यात स्प्रॅट नावाचे छोटे मासे असतात. मीठ, साखर, दालचिनी, चंदन अशा मसाल्यात मुरवलेले. पाहून कळत नाही, मसाल्यामुळे चवीलाही चटकन कळत नाही. मावशीने पुढचं जेवण पाव आणि कॉफीवर भागवलं. दर माणशी ठरलेला, त्यामुळे पैसे पुरते गेले. हॉटेलने माफी मागितली, सूट दिली नाही.

म्हणून सांगते, तिथे नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ॲलर्जी होऊ शकणाऱ्या १४ घटकांची माहिती हॉटेलांनी द्यावीच लागते. त्या यादीत मासे, अंडी, दूध आहे. तेव्हा एकेका पदार्थाकडे बोट दाखवून 'यात मासा आहे का, अंडं आहे का?' असं थेट विचारा, आणि शंका आली तर स्वयंपाकघरातून खात्री करून घ्यायला सांगा. मांस आणि चरबी मात्र त्या यादीत नाहीत, त्यांची चौकशी वेगळी करावी लागते. गुरुवारी मिळणारं पिवळ्या वाटाण्याचं सूप दिसायला आपल्या आमटीसारखं, पण परंपरेने त्यात डुकराचं मांस असतं. मीटबॉल बहुधा गोमांस आणि डुकराचं मांस मिसळून केलेले असतात, हे मांसाहारी मंडळींनीही ध्यानात ठेवावं.

मासे-मांस खाणाऱ्यांनी यूलबोर्डला सगळं एकाच ताटात घेऊ नये. आधी मुरवलेले हेरिंग, मग इतर थंड मासे, थंड मांस, नंतर गरम पदार्थ, शेवटी गोड; आणि दर खेपेला नवी ताटली, असा तिथला रिवाज आहे.

जुनी वास्तूच बघायची हौस असेल, तर कुठे दुपारचं जेवण मिळतं ते पाहा. स्वीडनमध्ये कामाच्या दिवशी साधारण ११ ते २ या वेळात बऱ्याच हॉटेलांत 'डागेन्स रॅत' असतं. एक मुख्य पदार्थ, सोबत बहुधा सॅलड, पाव आणि कॉफी, तेही रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्तात. नावाजलेल्या ठिकाणी टेबल आधीच राखावं. १७२२ साली सुरू झालेलं 'डेन यिल्देने फ्रेदेन' त्यातलंच. चित्रकार आन्देर्स सॉर्न यांनी ते विकत घेतलं आणि पुढे स्वीडिश अकादमीला दिलं. साहित्याचं नोबेल ठरवणाऱ्या या अकादमीचे सदस्य गुरुवारी तिथेच जेवतात.

पैशांचं म्हणाल, तर रोख घेत नाहीत अशी हॉटेलं पुष्कळ. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार निघण्यापूर्वीच चालू करून घ्या. यूलबोर्डच्या दरात पेयं धरली आहेत का, ते विचारा. पाणी नळाचं मागा. ते चांगलं असतं आणि बहुतेक ठिकाणी फुकट. टीप द्यायची सक्ती नाही. आणि घरातलं कोणी यूलबोर्डमधलं फारसं काही खाणार नसेल, तर त्याच्यासाठी वेगळं ताट, वेगळ्या दराने मिळेल का, हे टेबल राखतानाच लेखी ठरवून घ्या. तोंडी आश्वासन बिलात दिसत नाही.