एका विचाराचा प्रवास

सोलापूर हे गिरण्यांचे व मागांचे गाव. येथे इ. स. १८७७ मध्ये कापडाची पहिली गिरणी सुरू झाली. त्या काळी गिरणी कामगार पहाटे कामावर जाई, तो दिवस मावळल्यावरच घरी परते. आठवड्यातून एक दिवस विसावा मिळावा, असा कायदा नव्हता. मालकाने दिली तर सुट्टी, नाही तर काम! पुढे कामगारांस हक्काची सुट्टी मिळाली, ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. तिच्यामागे एका विचाराचा दीर्घ प्रवास आहे.

हा प्रवास सातासमुद्रांपलीकडे सुरू झाला. राज्य हे प्रजेच्या संमतीवर उभे असते, असे जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने सतराव्या शतकात मांडले. पुढच्या शतकात टॉमस पेन हा एका सामान्य कारागिराचा मुलगा आणखी पुढे गेला. इ. स. १७९१ मध्ये त्याने मानवाच्या हक्कांवर एक ग्रंथ लिहिला. मनुष्य जन्मतःच हक्क घेऊन येतो. राजा ते देत नाही, म्हणून तो ते हिरावूनही घेऊ शकत नाही. एखादी रूढी जुनी आहे एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. ती बुद्धीच्या कसोटीस उतरली पाहिजे. असे त्याचे म्हणणे होते. या ग्रंथाबद्दल इंग्लंडात त्याच्यावर खटला भरण्यात आला. परंतु विचाराला कोण बेड्या घालणार?

सुमारे अर्धशतकानंतर तो ग्रंथ पुण्यातील एका तरुणाच्या हाती पडला. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. सर्व माणसे समान, तर मग मुलींना व अस्पृश्य मानलेल्यांना विद्या का नाही? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. इ. स. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला.

याच समाजातील नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो विचार मुंबईच्या गिरण्यांत नेला. ‘दीनबंधु’ पत्रातून त्यांनी कामगारांची दुःखे मांडली, सभा भरवल्या, अर्ज केले. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षी कारखान्यांच्या कायद्यातच साप्ताहिक सुट्टीची तरतूद झाली. मुंबईत जे झगडून मिळाले, ते आता सोलापूरच्या कामगारांच्याही हक्काचे झाले.

लॉक, पेन, फुले व लोखंडे यांची एकत्र भेट कधी झाली नाही. तरीही एकाने लावलेल्या दिव्यावर दुसऱ्याने आपला दिवा लावला. इ. स. १९५० मध्ये अमलात आलेल्या भारताच्या संविधानात मूलभूत हक्क नोंदले गेले, ते याच प्रकाशात. मुलांनो, हक्क कागदावर लिहिले म्हणजे काम संपले, असे नाही. जो दुसऱ्याचाही हक्क ओळखतो आणि ‘हे असे का?’ असे निर्भयपणे विचारतो, तोच हा दिवा तेवत ठेवतो.

शब्दार्थ
मेहेरबानी – कृपा. रूढी – पूर्वापार चालत आलेली रीत. तरतूद – कायद्यात केलेली सोय.

स्वाध्याय
१. रूढीसंबंधी टॉमस पेनचे म्हणणे काय होते?
२. पेनचा विचार फुले व लोखंडे यांनी कोणत्या कार्यात उतरवला?
३. ‘मेहेरबानी’ व ‘हक्क’ यांतील फरक उदाहरण देऊन स्पष्ट करा.